आरोग्याचे दप्तरदार

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाला पेन्शन मिळते, ग्रॅच्युइटी मिळते, निरोपसमारंभात शाल-श्रीफळही मिळते. मिळत नाही तो फक्त शेरा मारण्याजोगा कागद. ज्याचे सारे आयुष्य 'मुदतीत सादर करावे' आणि 'त्रुटीची पूर्तता करावी' असे लिहिण्यात गेले, त्याच्या हाताला ही बेकारी सोसत नाही. आणि दुसरा कोणताच मुलूख ताब्यात उरलेला नसल्यामुळे तो अखेरीस स्वतःच्या देहाचाच कारभार हाती घेतो. पुण्याच्या पेठांतून पहाटे कानाला मफलर आणि मनगटाला पावले मोजणारे घड्याळ बांधून, वाटेतल्या ओळखीच्या माणसाकडे न पाहता झपझप चालत गेलेली जी मूर्ती आपल्याला दिसते, ती या वर्गातली असते. आमच्या आळीत आम्ही तिला 'दप्तरदार' म्हणतो. ही पदवी त्यांच्या कानावर गेली आहे आणि त्यांनी तिच्याविरुद्ध हरकत नोंदवलेली नाही.

त्यांच्या दिवाणखान्यातील लोखंडी कपाटात चार फायली उभ्या असतात : रक्त, लघवी, हृदय आणि संकीर्ण. पहिल्या तिन्हींत चाचण्यांचे अहवाल तारीखवार लावलेले. चौथीत जवसाच्या गुणांविषयीची कात्रणे, बुटांची पावती आणि मेव्हण्यांच्या आजारपणाची टिपणे. रक्ताच्या अहवालाला ते 'उतारा' म्हणतात, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव नाही तो मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसत असला तरी कचेरीच्या लेखी जसा तिचा कोणीच नव्हे, तसे उताऱ्यात न उमटलेले दुखणे दप्तरदारांच्या लेखी दुखणेच नव्हे. "काय, बरे आहात ना?" असे सहज विचारले तर ते क्षणभर थांबतात, आणि "मार्चअखेर होतो," असे उत्तर देतात. २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी उच्च रक्तदाबाची हद्द १४०-९० वरून १३०-८० वर आणल्याची बातमी आली, तेव्हा रात्री निरोगी म्हणून निजलेले दप्तरदार सकाळी वर्तमानपत्र उघडताच रुग्ण झाले. त्यांचा वरचा आकडा १३४ होता. आपल्याकडे अजून १४०च धरतात, असे त्यांच्या डॉक्टरांनी परोपरीने सांगून पाहिले. परंतु वरिष्ठ कार्यालयाचा हुकूम निघाला असताना स्थानिक अधिकाऱ्याने तो दडपून ठेवावा, हे त्यांच्या सेवाशिस्तीत बसणारे नव्हते.

त्यांचा दिनक्रम ब्राह्ममुहूर्तावर सुरू होतो. प्रथम तांब्याच्या भांड्यातले पाणी, मग भिजवलेल्या मेथ्या, मग सूर्यनमस्कार. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून सूर्यनमस्कार कसे सक्तीचे केले होते, आणि लोकमान्यांनी महाविद्यालयातले एक वर्ष अभ्यास बाजूला सारून शरीर कसे कमावले, हे ते जोर काढत काढत सांगत असत. अलीकडे गुडघ्यांनी नमस्कारापुरता राजीनामा दिल्यामुळे मित्रापासून भास्करापर्यंतची बारा नावे तेवढी खड्या आवाजात उच्चारली जातात आणि शरीर खुर्चीतच राहते. त्यानंतर दुधीचा रस. आता, कडू दुधीचा रस पोटात गेला तर तो विषारी ठरतो, हे दप्तरदारांनी वाचलेले आहे. संकीर्ण फायलीत त्याचे कात्रणही आहे. म्हणून रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहण्याची तजवीज त्यांनी करून ठेवली आहे, आणि ते काम वहिनींकडे दिलेले आहे.

रस पिऊन ते पर्वतीवर निघतात. १०३ पायऱ्या आहेत, हे त्यांना ठाऊक असूनही ते त्या रोज मोजतात. वर त्यांच्यासारख्यांचा एक दरबार भरलेला असतो, आणि तेथे रामराम नाही, नमस्कार नाही, "किती?" एवढाच सवाल. "एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी," असा जबाब येतो, त्यावर दुसरा आपली उपाशीपोटीची साखर सांगतो, आणि ज्याची साखर सर्वांत कमी तो त्या दिवशी कठड्यावर मानाच्या जागी बसतो. ज्या नानासाहेब पेशव्यांनी हे देवदेवेश्वराचे मंदिर बांधले, ते पानिपताच्या आघाताने खचून १७६१ साली याच टेकडीवर, अवघ्या चाळिशीत निवर्तले, हा विषय या मंडळींच्या विशेष आवडीचा. "आघात कसला! बीपी असणार. मोजलंच नाही कुणी," असा निवाडा एका निवृत्त अभियंत्याने दिला, आणि तो एकमताने मंजूर झाला.

परंतु दप्तरदारांच्या कारकिर्दीचा खरा इतिहास लिहायचा तर तो त्यांच्या घरातील तेलाचा लिहावा लागेल. त्यांचे बालपण शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलावर आणि साजूक तुपावर गेले. १९३७ साली या देशात अवतरलेला डालडा पुढे त्यांच्याही घरी आला, आणि त्याच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली गेली. मग स्निग्ध पदार्थांनी रक्तवाहिन्या बुजतात अशी आवई उठली आणि पहिल्याच फटक्यात साजूक तूप हद्दपार झाले. वरणावर त्याची धार पडेनाशी झाली. त्यानंतर करडई आली, करडईला पदच्युत करून सूर्यफूल आले, सूर्यफुलावर तांदळाच्या कोंड्याच्या तेलाने कुरघोडी केली, आणि मध्यंतरी तर एका मोसमात ऑलिव्हच्या तेलात कढीची फोडणी पडली, जिचा वास घेऊन शेजारच्या काकू "काही जळतंय का?" म्हणून विचारायला आल्या. दर वेळी 'पूर्वीचा आदेश रद्द समजावा' एवढेच वहिनींना कळवण्यात येई, आणि आदल्या तेलाचा उरलेला डबा त्या निमूटपणे देवापुढच्या समईला लावून टाकीत. दरम्यान, तुपाच्या जागी आलेल्या त्या डालड्यातच ट्रान्स मेद असतो असे निष्पन्न होऊन २०२२ च्या जानेवारीपासून सरकारने त्याच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली; तूप सन्मानाने परत आले; आणि सांप्रत लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल काचेच्या बाटलीतून, साध्या तेलाच्या कितीतरी चढ्या भावाने, घरी येते. अंड्याचीही अशीच गत. ते औषध म्हणून चालते, असे ठरल्यावर पांढरे दप्तरदारांनी खाल्ले आणि बलक कोलेस्टेरॉलच्या भयाने मांजराला घातला. अमेरिकेने २०१५ साली आहारातील कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादाच काढून टाकली, हे त्यांना फार उशिरा समजले. मांजर ठणठणीत आहे.

मध्यंतरी दिवसातून दोनच वेळा आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याचा पंथ त्यांनी स्वीकारला होता. एका लग्नात त्यांनी पहिला घास घेतल्याची वेळ पंगतीत जाहीर केली, आणि मठ्ठा-जिलबी यायला उशीर झाला, तेव्हा शेवटची चार मिनिटे या गृहस्थाने ज्या वेगाने जिलब्या संपवल्या, तो वेग मुलीकडच्या मंडळींना अद्याप आठवतो.

रात्री साडेदहाला त्यांच्या मनगटावरचे घड्याळ ९,६४० दाखवते आणि दप्तरदार अंथरुणातून उठतात. शयनगृह ते मोरी, मोरी ते गॅलरी, गॅलरीतून परत, अशी त्यांची येरझार सुरू होते. खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड छताकडे पाहत दहा हजार पुरे होण्याची वाट पाहते. हा आकडा १९६५ साली एका जपानी कंपनीने विकायला काढलेल्या पावलेमापकाच्या नावातून प्रचारात आला, त्यामागे वैद्यकशास्त्राचा कोणताही निष्कर्ष नव्हता, असे त्यांच्या डॉक्टर पुतण्याने एकदा त्यांना सांगितले. "संख्या कुठून आली हे आपण पाहायचं नसतं," दप्तरदार म्हणाले, "ती परिपत्रकात आहे."

तपासण्या करूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. रक्तदाब आणि मधुमेह ही दुखणी चोरपावलांनी येतात, आणि वर्षाकाठी त्यांची चौकशी करणे शहाणपणाचेच आहे. परंतु दप्तरदार चौकशीवर थांबत नाहीत. ते सरसकट जमाबंदी करतात, आणि सत्तर-ऐंशी बाबींची योजना दिसली की त्यांना हुरूप येतो. आता प्रयोगशाळा ज्याला सर्वसामान्य मर्यादा म्हणते, ती बहुधा निरोगी माणसांपैकी शंभरातल्या पंचाण्णवांना सामावेल अशी आखलेली असते. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याचा संभव शेकडा चौसष्ट. ऐंशी चाचण्यांत तारांकित आकडा न निघेल तरच नवल! तो निघतो, दप्तरदार कृतकृत्य होतात, आणि फेरतपासणीचा हुकूम सुटतो.

गेल्या वर्षी एका प्रयोगशाळेने पतिपत्नींच्या जोडतपासणीवर सवलत जाहीर केली, आणि ती वाया जाऊ नये एवढ्याच हेतूने वहिनींचेही रक्त घेण्यात आले. दप्तरदारांचा उतारा उत्तम आला. वहिनींचे हिमोग्लोबिन, जे बाराच्या वर असायला हवे, ते नऊ निघाले. दप्तरदारांना प्रथम ही छपाईची चूक वाटली. मग त्यांनी तो कागद संकीर्ण फायलीत लावला, कारण बाईमाणसाच्या रक्तासाठी त्या कपाटात सदरच नव्हते. सुदैवाने पुतण्या त्याच आठवड्यात आला होता. "काकू, जेवता काय तुम्ही?" त्याने विचारले. "ह्यांचं आटोपलं की बसते," वहिनी म्हणाल्या. पण या वयात रक्त नुसत्या कमी जेवणाने इतके उतरत नाही, ते कोठेतरी झिरपत असले पाहिजे, असे म्हणून त्याने त्यांना दुर्बिणीच्या तपासणीला नेले, तेव्हा जठरात व्रण आढळला. ओट्यापाशी उभे राहून राहून दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी, कोणाला न विचारता, त्या कित्येक वर्षे वेदनाशामक गोळ्या घेत होत्या. ती पाकिटे फ्रिजवरच्या डब्यात, सर्वांच्या नजरेसमोर होती.

व्रणाला औषध मिळाले, जुन्या गोळ्या बंद झाल्या आणि लोहाच्या सुरू झाल्या. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी आणि तिच्या आगेमागे दोन तास चहा घेऊ नये, हा दप्तरदारांचा आदेश, त्यांच्या एकंदर आदेशांत विरळाच म्हणावा लागेल असा, पूर्णपणे शास्त्रोक्त आहे. आणि तो मोडला जाऊ नये म्हणून दुपारचा चहा हल्ली ते वेळ पाहून स्वतः करतात. तीन महिन्यांनी वहिनींचा आकडा साडेअकरावर आला. दुधीही आता दप्तरदारच चाखतात. वाचकांपैकी कोणी तो रस घेत असतील तर त्यांनीही आपला तुकडा आपणच चाखावा, आणि तो किंचितही कडू लागला तर थुंकून टाकून सबंध दुधी फेकून द्यावा.