चार घोड्यांवरचं घोडं

"आता उघडलंच आहे तर…" हे मराठीतलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. न्हाणीघराची एक फरशी बदलायला गवंडी येतो, हे वाक्य उच्चारतो आणि घरातली माणसं दोन महिने शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातात. आमच्याकडे गवंडी मीच. फरशीच्या जागी 1991 सालची लाल मियाटा.

मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. पगार अमेरिकन मोटारींचा खातो आणि गॅरेजात जपानी मोटार ठेवतो, त्यामुळे ऑफिसात तिचं नाव काढत नाही. घरात काढत नाही, त्याचं कारण निराळं. तिच्यामुळे बायकोची मिनीव्हॅन तीन हिवाळे अंगणात बर्फाखाली उभी होती. रोज सकाळी काच खरवडताना बायको गॅरेजच्या दाराकडे ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेनं खरं तर काचेवरचा बर्फ आपोआप वितळायला हवा होता.

मियाटा, म्हणजे माझ्दाची एमएक्स-5, फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. दोन माणसांची जागा, कापडी टप, सोळाशे सीसीचं इंजिन, वजन जेमतेम एक टन. जुन्या इंग्रजी टपउघड्या गाड्यांची मजा तीच, फक्त खाली तेलाचं थारोळं नाही. मियाटा या शब्दाचा जुन्या जर्मन भाषेतला अर्थ 'बक्षीस' असा सांगतात. आणि ती घडवणाऱ्या जपानी मंडळींचं ब्रीद होतं 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. गाडी उचलून ठेवायच्या लोखंडी तिपायांना आपल्याकडच्या गॅरेजांत घोड्या म्हणतात. माझं घोडं तीन वर्षं चार घोड्यांवर होतं आणि स्वार खाली उताणा.

सुरुवात अगदी साधी झाली होती. एका संध्याकाळी क्लचचं पेडल जमिनीला टेकलं ते वर येईना. गिअरबॉक्सच्या कुशीला एक छोटा सिलिंडर असतो. त्याच्या आतलं रबर झिजतं, तेल पाझरतं आणि पेडल मान टाकतं. या गाडीच्या प्रत्येक मालकाच्या नशिबी ते कधी ना कधी असतंच. दोन बोल्ट, एक नळी, पन्नास डॉलरच्या आतला भाग. एका दुपारचं काम.

पण गाडीखाली शिरल्यावर गिअरबॉक्स नाकासमोर दिसला. उघडलंच आहे तर क्लचप्लेटही बदलू म्हटलं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला, तर फ्लायव्हील उघडं पडलं. मग हलकं फ्लायव्हील आलं. त्याच्या मागचं ऑइल सील ओलं वाटलं, ते आलं. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी तपकिरी पडली होती. ती तशी पडली की कधीही तडकते, म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला. नवा रेडिएटर इतका झळकायला लागला की शेजारचं सस्पेन्शन त्याच्यापुढे गरीब दिसू लागलं, म्हणून तेही आलं. सगळ्याचा हिशोब मी संगणकावर 'घराचा विमा' नावाच्या फाइलमध्ये ठेवत होतो. जो सिलिंडर बदलायचा होता, तो मात्र तीन वर्षं खोक्यातच राहिला.

मग मे महिन्यात माझे सासरे, अण्णा, आले.

अण्णा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले, मेकॅनिक. दापोडीला एसटीच्या बसच्या बॉड्या बांधल्या जातात, थकलेली इंजिनं पुन्हा उभी केली जातात. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, हे ते घरच्या लग्नाची तारीख सांगावी तसं सांगतात. त्यांच्या बॅगेत भाजणी, चकल्या आणि धोतरात गुंडाळलेला एक दहा-अकराचा पाना होता. "असू दे, तुमच्याकडे मिळतो न मिळतो," म्हणाले. माझ्याकडे दोनशे हत्यारांचा संच होता. त्यातली दहा नंबरची गोटी तेवढी हरवलेली होती. दहाची गोटीच नेहमी का हरवते, याचा शोध अजून कोणी लावलेला नाही, आणि या गाडीवर निम्मे बोल्ट दहाचेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजात गेले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "ही सुटणार किती वाजता?"

"अण्णा, हे काही सुटण्यासाठी नाही, हा छंद आहे."

"गाडी आहे ना? मग ती सुटली पाहिजे."

आमच्यातला वाद एवढाच आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. त्यांच्या लेखी दुरुस्ती म्हणजे पाच दहाची गाडी पाच दहाला सुटणं. माझ्या लेखी दुरुस्ती म्हणजे पुढच्या दुरुस्तीची पूर्वतयारी. मी रात्री जागून व्हिडिओ बघायचो. ते रंगाच्या डब्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, गाडीसोबत आलेलं मालकासाठीचं पुस्तक वाचायचे. तीन वर्षांत मी ते उघडलं नव्हतं.

त्या पुस्तकानं माझी पहिली फजिती केली. या गाडीचे पुढचे दिवे झोपलेले असतात, लावले की डोळे उघडल्यासारखे वर येतात. माझा उजवा दिवा वर यायचाच नाही. बटण दाबलं की गाडी समोरच्या म्हातारीला डोळा मारायची. मी नवी मोटर मागवायच्या बेतात होतो. अण्णांनी बॉनेट उघडलं, दिव्याच्या मोटरवरची काळी रबरी टोपी काढली आणि खालची मूठ बोटांनी फिरवली. दिवा हळूच वर आला. "हाताने उघडायची सोय आहे. पान काढून ठेवलंय, वाच," म्हणाले. वायरिंगमधला दोष नंतर निघाला तो एका सैल पिनेचा.

दुसरी फजिती पाण्याची. त्यांनी गाडी घोड्यांवरच जराशी हलवली आणि कान दिला. "कळशीसारखी डचमळतेय." कापडी टपावरचं पाणी खाली जायला दोन्ही दारांच्या मागे नळ्या असतात. त्या पाल्यानं तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि ती आतून गंजते. मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे गंजाला फोडणीच. अण्णांनी गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी घेतली आणि नाडी ओवावी तशी नळीत सरकवली. आधी पाइनच्या काड्या पडल्या, मग चिखल, मग पाणी. गाडीखालची पाटी भरली. सगळा खर्च शून्य. 'घराचा विमा'मध्ये त्या दिवशीची नोंद करताना मला लाज वाटली.

गिअरबॉक्स आम्ही भाड्याच्या जॅकवर चढवला. सिलिंडर खोक्यातून निघाला, दोन बोल्ट बसले. मग क्लचच्या नळीतली हवा काढायची वेळ आली. हे काम दोन माणसांचं. एकानं आत बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालून निपल सैल करून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि लगेच आवळायचं. आवळायच्या आत पेडल सुटलं तर हवा पुन्हा आत. अण्णा सीटवर, मी खाली.

इथं अडचण व्याकरणाची आली. "मारा, अण्णा. हं, अजून एकदा मारा. आता जरा धरून ठेवता का?" एवढं बोलेपर्यंत पेडल सुटलेलं असायचं. चौथ्या वेळी तेल थेट माझ्या डोळ्यात आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मार! मार! धर! अरे सोडू नकोस, धर!"

वर शांतता. गॅरेजच्या दाराशी बायको चहा घेऊन उभी होती, तिनं कप तसाच धरला. मग वरून आवाज आला, "असंच सांगत जा. गाडीखालच्या माणसानं मान देत बसायचं नसतं." पुढच्या दहा मिनिटांत हवा निघाली. चहा घेताना मी पुन्हा 'तुम्ही'वर आलो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गाडी घोड्यांवरून उतरली. टप खाली करताना मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन आधी उघडायची असते, नाहीतर ती घडी पडून फाटते. ते मी विसरलो होतो, अण्णा विसरले नव्हते. कानटोपी घालून ते शेजारी बसले. रस्त्याकडेचे मेपल लाल झाले होते आणि आमचं घोडं छान पळत होतं. वळणावर गाडी अशी वळली की मला तीन वर्षांचं सार्थक वाटलं. मी विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली आहे," ते म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर पुढचं आलं. "पण दोन माणसांसाठी एवढा खटाटोप?"

नोव्हेंबरात ते परत गेले. विमानतळावर सोडायला मिनीव्हॅन न्यावी लागली, कारण मियाटाच्या डिकीत त्यांची एकही बॅग मावेना. दहा-अकराचा पाना मात्र ते माझ्याकडे ठेवून गेले आणि निघताना एकच सांगितलं, "आता हात लावू नकोस."

डिसेंबरात इंजिन सकाळी टकटक वाजायला लागलं. या इंजिनातले टॅपेट तेलावर चालतात, जुने झाले की थंडीत वाजतात. ताजं तेल घालून जरा पळवली की बहुतेक वेळा आवाज जातो. मी तेल बदलण्यासाठी बॉनेट उघडलं. आता उघडलंच आहे तर, म्हटलं, वरचं झाकण काढून बघू.

अण्णांचा फोन दर रविवारी येतो. "गाडी सुटली का?" असं विचारतात. मी "सुटली" म्हणतो. ते खोटं नाही. झाकण, सोळा टॅपेट आणि नवा रेडिएटर सध्या गॅरेजच्या फरशीवर सुटेच आहेत.