लोड घेऊ नका

पाहुणा घर घेऊनच आला, तर त्याला ‘आपलंच घर समजा’ असं म्हणायचं की नाही? मे महिन्यातल्या एका संध्याकाळी हा प्रश्न पेडणे तालुक्यात, धारगळच्या आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याला सहा चाकं होती.

पुण्याचा माझा मामेभाऊ भाड्याची कॅरव्हॅन घेऊन आला होता. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून दादाच्या डोक्यात ही गाडी फिरत होती. “हॉटेलवाल्यांची मिजास संपली,” असं म्हणत त्यानं ती आमच्या फणसाखाली लावली. मग एका जागी उभं राहूनच त्यानं आम्हाला सगळं घर दाखवलं. हा हॉल, हे किचन, ही मास्टर बेडरूम. फ्रिज, गिझर आणि दोन एसी.

“एवढ्याशा डब्याला दोन एसी?” आईनं विचारलं. एसीशी तिचं जुनं वैर. आमच्या खोलीतला लावला की तिची हाडं धरतात.

“पत्र्याची गाडी तापते ना, आत्या. पुढचा एक टनाचा मुलांना, मागचा दीड टनाचा आम्हाला.”

गोव्याला चाकावरच्या संसाराचं तसं नवल नाही. साठ-सत्तरच्या दशकांत लोक युरोपातून तुर्कस्तान-इराणमार्गे बसगाड्या हाकत इथल्या किनाऱ्यांवर यायचे. त्या बसमध्ये अख्खा संसार असे, एसी तेवढा नसे. उकडलं की ते कपडे कमी करत. दादाला तो मार्ग मोकळा नव्हता. बरोबर वहिनी होती आणि समोर आई.

मग वायरींचा कार्यक्रम सुरू झाला. दादानं गाडीच्या पोटातून तीस मीटरची एक्स्टेन्शनची गुंडाळी काढली, त्यातली दोन मीटर सोडली आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या प्लगात खुपसली. उरलेली अठ्ठावीस मीटर रिळावर तशीच राहिली. पहिला एसी चालू झाला. टाळ्या. दुसरा चालू झाला. घरातले दिवे एकदा डोळे मिचकावून सावरले. मी म्हटलं, “दादा, एवढा लोड...”

“लोड घेऊ नकोस रे!” दादा पुणेरी हसला.

अर्ध्या तासानं आई म्हणाली, “कुणाचं काय करपलं?” चुलीवर काहीच नव्हतं. वास रिळाचा होता. हात लावला तर प्लास्टिक पिकल्या पेरूसारखं मऊ लागलं. मी प्लग उपटला, गाडीतून मुलांचा आक्रोश आला आणि दादानं आमच्या आदरातिथ्याकडे पुण्याच्या नजरेनं पाहिलं.

सकाळी गावचा वायरमन आला. त्यानं रीळ उचललं, नखानं वायर दाबली आणि विचारलं, “लोड कितें?”

“लोड घेऊ नका हो, काका!”

“हांव घेना. वायर घेता,” तो शांतपणे म्हणाला आणि फणसाच्या बुंध्यावर खडूनं गणित मांडलं. एक टनाचा एसी साधारण 1.1 किलोवॉट, दीड टनाचा 1.6. मिळून 2.7, म्हणजे 230 व्होल्टवर जवळजवळ 12 अँपिअर. मिक्सरचा प्लग 6 अँपिअरचा. वायर एक चौरस मिलिमीटरची. एवढी वीज त्या तीस मीटरमधून गेली की दीडशे वॉटच्या आसपास उष्णता होते. वायर पसरून टाकली तर ती हवेत जाते, गुंडाळून ठेवली तर शेगडी तयार. त्यात गिझरचे 2 किलोवॉट घातले की 16 अँपिअरचा मोठा प्लगही हात जोडतो. शिवाय जुन्या धाटणीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चार-पाच पट वीज ओढतो. एक स्थिरावल्यावरच दुसरा लावायचा.

मग त्यानं टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला आणि दुसरं अर्थिंगला लावलं. बल्ब पेटला, पण असा की आजारी माणसानं डोळा उघडावा. आमची जमीन चिऱ्याची, मे महिन्यात ठणठणीत कोरडी. अर्थिंग कागदावर होतं, जमिनीत नव्हतं.

“बॉडीत करंट उतरला तर?” दादानं पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं.

टायर रबराचे, वायरमन म्हणाला. अर्थिंग नसेल तर करंट गाडीच्या पत्र्यातच वाट बघत बसतो. गाडीत बसलेल्याला काही होत नाही. ओल्या जमिनीवरून अनवाणी येऊन जो दाराची कडी धरेल, त्याच्यातून तो उतरतो. आम्ही सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. आम्ही सगळेच अनवाणी होतो.

त्यानं यादी दिली. मेन बोर्डावरून गाडीसाठी वेगळी लाईन, 4 चौरस मिलिमीटरची. तिला स्वतःचा एमसीबी. शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी: सात वॉटच्या बल्बाला लागते एवढी वीज जरी वाट चुकली, तरी तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. आणि अर्थिंगचा खड्डा नव्यानं. कोळसा, मीठ आणि रोज दोन बादल्या पाणी. आईनं लगेच सुनावलं, “माझ्या अबोलीला पाणी नाही, आणि खड्ड्याला दोन बादल्या!”

काम व्हायला दिवस जाणार होता, म्हणून वरात डिचोलीला माझ्या सासुरवाडीकडे वळली. मयेचं तळं पाहिलं, नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन झालं. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार करवलेल्या त्या देवळात दादा बराच वेळ हात जोडून उभा होता. विजेसाठीच असावं.

सासुरवाडीला पिठाची गिरण आहे, म्हणून थ्री-फेज आहे. दादाचे डोळे चमकले. “एक एसी इकडच्या खोलीतून, दुसरा तिकडच्या खोलीतून! लोड वाटला गेला!” माझ्या मेव्हण्यालाही पटलं. मला मात्र त्या खडूच्या गणिताची आठवण झाली आणि मी वायरमनला फोन लावला. पलीकडे आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आला तो आवाज मी देवळाच्या घंटेनंतर एवढा मोठा ऐकला नव्हता. “हात लावूं नाकात!”

दोन खोल्या दोन वेगळ्या फेजवर असतील तर एकाच गाडीत दोन फेज येतात, आणि त्यांच्यात 230 नाही, 400 व्होल्ट असतात. आत कुणी त्या दोन लाईन जोडलेल्या असतील तर दिवाळी मे महिन्यातच. त्या रात्री गाडीत एकच एसी चालला आणि त्याच्यासमोर सहा माणसं झोपली.

तिसऱ्या दिवशी धारगळला सगळं सज्ज होतं. नवी लाईन, नवा खड्डा, त्यात दोन बादल्या. बल्ब आता लख्ख पेटला. फक्त एक बारीकशी गोष्ट वायरमननं जाता जाता सांगितली. आमच्या घराचा सँक्शन लोड 3 किलोवॉट. त्यातून गाडीचे 2.7 वजा जाता घराला उरले 300 वॉट.

म्हणजे तीन पंखे आणि दोन दिवे. आमचा एसी बंद. फ्रिज बंद, त्यातले मानकुराद आम्ही एका बैठकीत संपवले, त्याबद्दल तक्रार नाही. पंप बंद, इस्त्री बंद. पाच मिनिटांच्या अंतरानं दादाचे दोन्ही एसी लागले आणि फणसाखालचा तो डबा एखाद्या देवस्थानासारखा गुणगुणू लागला.

मध्यरात्री मी घामानं जागा झालो. शेजारी सोप्यावर चटई टाकून कुणीतरी डास मारत होतं. दादा होता.

“तू इथे?”

“आत्यानं विचारलं, जरा पाठ टेकू का. नाही कसं म्हणणार?”

मी गाडीचं दार उघडलं. मास्टर बेडरूममध्ये, दीड टनाच्या बरोबर खाली, दादाची दुलई नाकापर्यंत ओढून आई झोपली होती. हाडांचा कुठेही उल्लेख नव्हता.

“आई, तुला एसी चालत नाही ना?”

“दार लाव आधी,” ती डोळे न उघडता म्हणाली. “वीज आपली जळतेय.”