बर्गंडीतली दशमी आणि इतर गोष्टी

ती. सौ. आईस,


परवा फोनवर तू "प्यायलात का?" एवढंच विचारलंस आणि तेवढ्यात बाबांनी फोन घेतला, म्हणून उत्तर राहिलं. तर हो, प्यायलो. चार कुटुंबं दोन गाड्यांतून श्टुटगार्टहून निघालो, ते फ्रान्समध्ये बर्गंडीतल्या बोन या गावी.

पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. तिथे अडीचला जेवणाची वेळ संपून स्वयंपाकघर आवरलेलं असतं. खानावळीच्या बाई इतक्या गोड बोलल्या, की त्यांनी नाही म्हटलंय हे गाडीत बसल्यावर कळलं. मग एका द्राक्षमळ्याच्या दगडी कुंपणाला टेकून पुणेकर वहिनींच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथली जमीन जगातल्या सगळ्यांत महागड्या शेतजमिनींत मोडते, हे कळल्यापासून वहिनी त्या दशम्यांबद्दल फारच आदराने बोलतात.

रात्री मात्र वेळेवर गेलो. आधी कीर, म्हणजे पांढऱ्या वाइनमध्ये काळ्या करंट फळाचं गोड मद्य. दिजाँचे महापौर फेलिक्स कीर येईल त्या पाहुण्याला ते पाजत, म्हणून हे नाव. हे गृहस्थ पाद्री होते, हे बाबांना सांग. नंतर ह्यांनी गोगलगाई मागवल्या. लसूण, पार्सली आणि लोण्यात बुडालेल्या सहा. चव सगळी लसणाची, चावायला जुन्या खोबऱ्याच्या कातळीसारख्या. तुझा नातू म्हणाला, "बाबा, ही आपल्या बागेतली आहे." ह्यांनी उरलेल्या तीन गोगलगाई डोळे मिटून संपवल्या.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी, एका मळेवाल्याकडे वाइन चाखायला गेलो तेव्हा. दिंडोरीचा आमचा नाशिककर मित्र गाडी चालवत होता, म्हणजे द्राक्षातलं कळणारा एकटा तो, आणि चव घेऊन थुंकायचं त्यानेच. (त्यासाठी भांडं ठेवतात. बाकी कोणी ते वापरलं नाही. पैसे दिलेली वस्तू थुंकायची आपल्यात पद्धत नाही.) तो रुसून मळ्यात गेला. तिथले वेल जेमतेम कमरेएवढे. "मांडव नाही, काही नाही, तोडणाऱ्यांच्या कमरेचं काय होत असेल!" असं म्हणत पानं उलटीपालटी करत होता. एकदम मळ्याच्या मालकाकडे बघून ओरडला, "बोर्डो!"

मालकाचा चेहरा पडला. बर्गंडीत उभं राहून बोर्डोचं नाव घ्यायचं म्हणजे कोल्हापुरात बसून सावजी मटण मागण्यातला प्रकार. पण ह्याने पानावरचे निळसर डाग दाखवले. मोरचूद आणि चुना! दिंडोरीत वडील डावणीवर फवारतात तेच बोर्डो मिश्रण. मालक खुलले. मग अर्धं इंग्रजी आणि अर्धे हातवारे करत त्यांनी गोष्ट सांगितली: बोर्डोकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे शिंपडायचे ते चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं आणि 1885 मध्ये त्याने ते जाहीर केलं. पुढे तासभर दोघं भुरी आणि छाटणीवर बोलत होते. आम्ही आत वाट बघत दुसरी बाटली उघडली. त्या बाटलीचे पैसे मालकांनी घेतले नाहीत.

आता तुझ्या समाधानासाठी पुण्याचं काम. बोनमध्ये 1443 साली निकोला रोलँ या बर्गंडीच्या ड्यूकच्या दिवाणाने आणि त्याच्या बायकोने गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापन केलं. लोकांनी रुग्णालयाला द्राक्षमळे दान दिले. त्या मळ्यांच्या वाइनचा दर नोव्हेंबरात लिलाव होतो आणि पैसा आजही रुग्णालयाच्या कामी येतो. तिथली एक बाटली आम्ही घेतली. ती दारूत धरू नकोस, देणगीत धर.

येताना एप्वास नावाचं चीझ आणलं. ते द्राक्षाच्या ब्रँडीने धूत धूत मुरवतात. वासामुळे पाऊस असूनही गाडीच्या चारही काचा खाली होत्या. वहिनींना मात्र ते फार आवडलं. गोगलगाईच्या ताटाकडे पाठ करून बसलेल्या वहिनींनी तीन प्रकारची चीझं संपवली. दूध घट्ट करायला त्यात वासराच्या जठरातलं रेनेट घालतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

दिवाळीत वहिनी पुण्याला येणार आहेत आणि तुला भेटायला नक्की येतील. त्यांच्याबरोबर थालिपिठाची भाजणी दोन किलो दे. चीझचा विषय मात्र काढू नकोस.

तुझी,
नीता