गाडी तापायलीय : शास्त्रोक्त निदान

प्रस्तुत मार्गदर्शन धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांना लागू आहे. सोलापूर, लातूर आणि बीडकरांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरावं.

पात्र वाहन कोणतं? जे कंपनीतून निघालं तेव्हा धडधाकट होतं, ते. मग मालकाने त्याला उंच केलं, ट्रॅक्टरला शोभतील असे मड टायर चढवले, पुढे पाइपाचा बंपर ठोकला, बंपरवर विंच, विंचच्या वर लाइट बार, जाळीसमोर दोन पिवळे दिवे आणि त्या दोघांच्या मधोमध ट्रकचा हॉर्न. बाजूने स्नॉर्केल हवंच. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात नदी शोधायला वाटाड्या लागतो, तिथे नदीतून गाडी घालायचं नळकांडं कशाला, असं विचारू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूमकडे पाणी घराघरांत शिरलं, तेव्हापासून स्नॉर्केलची चेष्टा करणारे जरा जपून बोलतात.

अशी गाडी बालाघाटाच्या माळावर, खडकांतून, नांगरटीतून दिवसभर हुंदडली तरी तापत नाही. ५२ नंबरच्या हायवेला लागून ऐंशीच्या पुढे गेली की मात्र काटा सरकायला लागतो. साठवर आणली की खाली येतो, पुन्हा दाबली की पुन्हा वर. रोग एवढाच आहे. हे लक्षण नसेल तर पुढे वाचून डोकं तापवून घेऊ नये.

निदानाचा पहिला नियम असा की एकट्याने निदान करू नये. गाडी टपरीसमोर आणावी, बॉनेट उघडावं आणि दोन पावलं मागे सरकावं. माणसं आपोआप जमतात.

"काय झालंय ओ?"

"हायवेला तापायलीय."

"हेड गेलं आसंल."

हे निदान गाडीकडे न बघता होतं आणि ते कधीच बदलत नाही, कारण त्याच्याइतकं खर्चिक दुसरं काही लगेच सुचत नाही. हेड पॅकिंग खरंच गेलं असेल तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, कुठेही गळती नसताना पाणी कमी होत राहतं, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज पाइप फुगून कडक होतो, कधी ऑइल दुधाळ दिसतं. यातलं एकही लक्षण नाही, असं तुम्ही म्हणालात तर टपरीवरचे तज्ज्ञ फक्त मान हलवतात. तुमच्याविषयी त्यांना वाईट वाटत असतं.

यानंतर गाडी मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री आधी वॉल काढतो. पुस्तकात याला थर्मोस्टॅट म्हणतात.

"मालक, ह्ये थंड मुलकातलं आहे. आपल्याकडं काय काम त्याचं? फेकून द्या."

वॉलचं काम इतकंच की इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही आणि गरम झालं की वाट मोकळी करायची. तो अर्धवटच उघडत असेल तर हायवेला गाडी नक्की तापेल, म्हणून त्याच्यावरचा संशय रास्त आहे. पण बऱ्याच इंजिनांत हाच वॉल पूर्ण उघडताना दुसऱ्या बाजूची आडवाट बंद करतो. तो काढून टाकला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात परत येतो. म्हणजे तापण्यावर केलेल्या उपायाने गाडी आणखी तापते आणि मिस्त्रीला दुसरा उपाय सुचवायची संधी मिळते. वॉल फेकण्याआधी तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडावा, तळाला टेकू देऊ नये, सोबत थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावं. वॉलवर ८२ किंवा जो आकडा कोरलेला असेल, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. ते पातेलं परत स्वयंपाकघरात येणार नाही, हे घरात आधीच मान्य करून घ्यावं. या प्रयोगातला खरा धोका तोच आहे.

पाण्याचाही विचार झाला पाहिजे. धाराशिव शहराला उजनीचं पाणी येतं, तेही पाळीने. ते रेडिएटरच्या वाट्याला कुठून येणार? त्याला बोअरचं. बोअरच्या पाण्यातले क्षार बादलीच्या कडेला पांढरा थर धरतात, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतात. काही नळ्या बुजल्या तरी चाळीसच्या वेगाला उरलेल्या पुरतात, नव्वदला पुरत नाहीत. रेडिएटर खोलून साफ करावा आणि अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर भरावं. "कूलंट म्हणजे नुसतं हिरवं पाणी," असं सांगणारा माणूस प्रत्येक गॅरेजात असतो. त्याला चहा पाजावा.

रेडिएटरच्या झाकणाबद्दल मात्र चेष्टा नको. गरम गाडीचं झाकण उघडू नये. याच ५२ नंबरच्या महामार्गावर पुढे तेरखेड्याला फटाक्यांचे कारखाने आहेत. स्फोटाची हौस असेल तर तिथून रीतसर खरेदी करावी. वरचा होज पाइप हातात धरवेल इतका निवल्यावरच झाकणाला हात लावावा, तोही फडकं घेऊन. झाकण नुसतं बूच नाही. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच, त्यामुळे साधं पाणी इथे शंभराच्या आधीच, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग ०.९ बारचा दाब धरून ठेवते तेव्हा हा आकडा सुमारे वीस अंशांनी वर जातो. स्प्रिंग मेली की ही सगळी सवलत गेली. झाकण ही गाडीतली सर्वात स्वस्त बदलायची वस्तू आहे, म्हणून ते सर्वात शेवटी बदलण्याची प्रथा आहे.

काटा लालला भिडलाच तर एसी बंद करावा, वेग कमी करावा, काचा खाली घ्याव्यात आणि हीटर पूर्ण सोडावा. होय, हीटर. तो मुळात इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटरच असतो. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर बेचाळीस अंश असताना पायांवर गरम हवेचा झोत घेत येडशीपर्यंत जाणारा मालकच गाडीवर खरं प्रेम करतो असं समजावं. एकच करू नये : तापल्या इंजिनावर गार पाण्याची बाटली रिकामी करणं. त्याने हेडला तडा जाऊ शकतो आणि मग टपरीवरचं निदान खरं ठरतं.

एवढं सगळं झाल्यावरच, म्हणजे पंप, बेल्ट, वॉल, कूलंट आणि रेडिएटरची सफाई हे सर्व एकाच दिवशी एकाच बिलात उरकल्यावर आणि गाडी तशीच तापत असल्यावर, खऱ्या निदानाला सुरुवात करावी. आधी केली तर गॅरेजांचं कसं चालायचं?

त्यासाठी जिल्ह्याचा भूगोल वापरावा. धाराशिवच्या बाजारात सिग्नलला उभी राहून गाडी तापत असेल तर दोष पंख्याकडे. तुळजापूरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना तापत असेल तर इंजिन जेवढी उष्णता देतंय तेवढी रेडिएटरला झेपत नाही. पण घाटात ठीक आणि तामलवाडीच्या सपाट रस्त्यावर, भरधाव वेगातच तापत असेल तर पंख्याला दोष देऊ नये. त्या वेगाला समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. तिथे गाडी बाजूला घ्यावी, इंजिन चालू ठेवावं आणि तापमान मोजायच्या गनने लगोलग रेडिएटरची दोन टोकं मोजावीत : जिथून पाणी शिरतं ते आणि जिथून बाहेर पडतं ते. (कोविडच्या काळात कपाळाला लावलेली गन यासाठी चालत नाही. तिचा आवाका माणसाच्या तापापुरता.) दोन आकड्यांत खूप फरक असेल तर पाणी रेंगाळतंय : नळ्या चोक, पंपाची पाती झिजलेली, नाहीतर खालचा होज पाइप. हा पाइप मोठा लबाड. गाडी उभी असताना गुबगुबीत दिसतो, पण आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर इंजिन जोरात फिरताना पंपाच्या ओढीने चपटा होतो. कुणाला तरी अॅक्सिलरेटर दाबायला सांगून तो डोळ्यांनी बघावा, पंख्यापासून हात लांब ठेवून.

आणि दोन्ही टोकं सारखीच तापलेली असतील तर पाणी धावतंय, पण त्याची उष्णता घेऊन जायला वाराच पोचत नाही. आपल्या पात्र वाहनांत बहुतेक वेळा हेच निघतं आणि हेच कुणाला पटत नाही.

वारा कुठे अडतो? आधी एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघावं. पुढून कंडेन्सर झकास दिसतो, म्हणून तिथे कुणी बघत नाही. दोन बोल्ट सैल करून तो पुढे ओढला की खरा प्रकार दिसतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत धाराशिवच्या कुठल्याही रस्त्यावरून फिरलेल्या गाडीत तिथे भुसा बसलेला असतो. त्यात शेंगांची टरफलं, एखादं पीस, चाकांनी उडवलेल्या चिखलाचे वाळलेले पापुद्रे, आणि ऑइलच्या वाफेने हे सगळं एकजीव होऊन जाळीवर गोधडीसारखं पसरलेलं. पाणी मागून पुढे, हलक्या धारेने मारावं. सर्व्हिसिंग सेंटरची जोरदार धार त्या नाजूक पत्र्या आडव्या करते आणि मग भुशाचीही गरज उरत नाही.

त्यानंतर कागदाचा प्रयोग. जुन्या वर्तमानपत्राचं अर्धं पान घ्यावं (राजकारणाचं पान चालेल, तेवढाच त्याचा उपयोग), गाडी उभी ठेवून पंखा सुरू करावा आणि पान जाळीसमोर धरावं. ते जाळीला चिकटलं पाहिजे. उडून अंगावर आलं तर मॉडिफिकेशन करताना इलेक्ट्रिक पंख्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्यात. असा पंखा गाडी उभी असताना हवा हलवतो खरा, पण हायवेला समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो.

बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड उचललेली असेल तर ते वॉशर काढावेत. गरम हवा तिथून बाहेर पडेल, असा हिशोब असतो. उभ्या गाडीत पडतेही. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो, तो त्याच फटीतून आत शिरतो आणि रेडिएटरमधून येऊ पाहणाऱ्या वाऱ्याला आतूनच अडवतो.

टायरचं गणित मालकाला बसवून सांगावं. मूळचा टायर २९ इंची होता, आता ३३ इंची आहे. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, हे स्पीडोमीटरला कुणी कळवलेलं नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ९१ ने पळत असते. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्या अकरा किलोमीटरसाठी जवळपास दीडपट. शिवाय गाडी उंच केलेली, वर कॅरिअर. "मी तर ऐंशीनंच चाललो होतो," हे मालक प्रामाणिकपणेच म्हणत असतो.

आता जाळीकडे यावं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला समोर नऊ उभ्या खाचा होत्या, नंतरच्या नागरी जीपला सात. त्या वारा आत यावा म्हणून ठेवल्या होत्या. आपल्या गाडीत त्या सातांसमोर विंच, लाइट बार, दोन दिवे, हॉर्न, मित्रमंडळाची पाटी आणि दसऱ्याचा झेंडूचा वाळका हार आहे. हे सगळं तात्पुरतं उतरवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तशाच दुपारी गाडी पुन्हा न्यावी. काटा मधोमध राहिला तर निदान झालं. मग एकेक वस्तू परत चढवून गुन्हेगार शोधता येतो. बहुधा तो लाइट बारच निघतो, कारण तो जाळीच्या नेमक्या मध्यावर आडवा असतो.

हे सगळं उतरवायला लावण्याचं काम सरकारनेही सोपं करून ठेवलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असल्या पाइपाच्या बंपरवर, म्हणजे बुल बारवर, कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या कंपनीच्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करू नये. त्यामागचा विचार अपघातात सापडणाऱ्या पादचाऱ्यांचा आणि प्रवाशांच्या सुरक्षेचा आहे, रेडिएटरचा नाही. पण एमएच-२५ च्या, म्हणजे धाराशिवच्या, मालकाला दंडाची पावती दाखवली की जे वाऱ्याच्या शास्त्राने पटलं नाही ते झटक्यात पटतं, असा मिस्त्री लोकांचा अनुभव आहे.

शेवटची अडचण मानसिक आहे. लाइट बार उतरवा म्हटलं की मालक गप्प होतो. हेडचं काम काढू म्हटलं असतं तर त्याने लगेच होकार दिला असता. पैसे मोजून लावलेली वस्तूच रोगाचं कारण आहे, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायला वेळ द्यावा लागतो. सरमकुंडी फाट्यावर पेढ्याच्या दुकानापुढे गाडी थांबवून, पाव किलो पेढे संपेपर्यंत हा विषय हळूहळू काढावा. तोवर इंजिनही निवतं.

उतरवलेला लाइट बार भंगारात देऊ नये, मालकाला ते सहन होत नाही. घरात मेव्हणा असेल तर त्याला भेट द्यावा. कळंबच्या एका मेव्हण्याने तो दिवाळीत आपल्या बोलेरोला जाळीसमोर आडवा बसवून घेतला. दिसतो छान. येरमाळा ओलांडला की आता त्याची गाडी तापते, आणि टपरीवर त्याला सांगितलंय की हेड गेलं आसंल.