गोगलगायीच्या गावाहून

न्यूरेंबर्ग, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई व अण्णा यांस साष्टांग नमस्कार.

आई, रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू "जेवलीस का" विचारतेस, मागून दादा "तिकडं थंडी किती" विचारतो आणि तेवढ्यात कुकर शिट्टी देतो. आज मला सलग बोलायचंय.

गेल्या महिन्यात, शाळा उघडायच्या आधी, आम्ही तीन दिवस खेड्यात राहून आलो. पैसे देऊन. किती ते लिहीत नाही, कारण अण्णा लगेच रुपयांत गुणतील आणि रात्रभर तळमळतील. इकडं याला 'स्लो ट्रॅव्हल' म्हणतात. म्हणजे दहा ठिकाणं पळत बघायची नाहीत, एकाच गावात पडून राहायचं, तिथलंच खायचं, तिथल्याच माणसांशी बोलायचं. आपल्याकडं याला माहेरपण म्हणतात आणि त्याचं बिल येत नाही.

गावाचं नाव हर्सब्रुक. आमच्यापासून रेल्वेनं वीसेक मिनिटं. हे काही साधंसुधं गाव नव्हे, अधिकृत 'संथ गाव' आहे. १९८६ मध्ये रोममध्ये मॅकडोनाल्ड्स येणार म्हणून कार्लो पेत्रिनी नावाच्या पत्रकारानं आणि त्याच्या मित्रांनी बोंब ठोकली. त्यातून 'स्लो फूड' चळवळ निघाली. पुढं १९९९ मध्ये इटलीतल्या चार गावांच्या नगराध्यक्षांनी ठरवलं, की नुसतं जेवणच कशाला, आख्खं गावच संथ करू. २००१ मध्ये जर्मनीतून हर्सब्रुक पहिलं सामील झालं. चिन्ह काय, तर पाठीवर गाव घेतलेली गोगलगाय. अट अशी, की लोकसंख्या ५० हजारांच्या आत पाहिजे. अण्णा, आपलं मंगळवेढं यात आरामात बसतं. नगरपालिकेचा कारभार बघता संथपणाचं प्रमाणपत्र आपल्याला परीक्षेशिवाय मिळावं, असं तुमच्या जावयांचं मत आहे. (ते पुण्याचे आहेत, मनावर घेऊ नका.)

आम्ही उतरलो ते गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या घरी. पाटलीणबाई तुझ्याच वयाच्या, आई. त्यांनी आम्हाला अंगणातला लाकडी बाक दाखवला आणि म्हणाल्या, "इथं बसा." आम्ही बसलो. दहा मिनिटांनी जावयांनी हळूच विचारलं, "पुढचा कार्यक्रम काय?" हाच कार्यक्रम होता. सकाळी पोरांनी खुराड्यातून अंडी गोळा केली. धाकटीला इतका आनंद झाला, जणू अंडी तिनंच घातली. दुपारी शेजारच्या रानात शेणखत पसरत होते. जावयांनी खिडक्या लावून घेतल्या, मी उघडल्या. सात वर्षांत पहिल्यांदा मला परदेशात घरचा वास आला.

तिथं एक धनगरांचं म्युझियम आहे. खरंच. गुरांच्या गळ्यातल्या घंटा, मेंढपाळांच्या काठ्या, सगळं मांडून ठेवलेलं. थोरला मोठ्यानं म्हणाला, "हे तर आजोबांच्या गावात असंच फिरतं!" मी त्याला हुलजंतीच्या महालिंगरायाची गोष्ट सांगितली. दिवाळीच्या अवसेला रात्रीतून शिखराला मुंडास बांधलं जातं आणि ते स्वतः महादेव येऊन बांधतो, म्हणून घोंगड्या पांघरून माणसं लोटतात. "मग आपण गेलो का नाही?" हा प्रश्न त्यानं विचारला आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर दादाकडं आहे. तीन वर्षांपूर्वी आलो तेव्हा त्यानं पहाटे पाचला बोलेरो दारात लावली होती. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, एका दिवसात तीन देव. धाकटीला घाटात उलटी झाली आणि देवांपेक्षा तिला तीच लक्षात आहे. माचणूरला आपण अर्धा तास होतो, त्यातली वीस मिनिटं फोटोत गेली. दादा, त्याच माचणूर-ब्रह्मपुरीला औरंगजेब १६९५ पासून चार वर्षं छावणी टाकून बसला होता. भीमाकाठी इतका निवांत मुक्काम केलेला पर्यटक दुसरा नाही, आणि आपण सिद्धेश्वराच्या पायऱ्यांवर धड टेकलोसुद्धा नाही. घरापासून चालत जाण्याजोगं दामाजीचं देऊळ "संध्याकाळी बघू" म्हणत राहूनच गेलं. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या माणसाचं गाव, चोखोबा जिथं गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले ते गाव, कान्होपात्रेचं गाव, आणि माझ्या पोरांना त्यातलं माहीत काय, तर बोलेरोतला एसी.

म्हणून नाताळच्या सुट्टीत येऊ त्या खेपेला माझ्या अटी. सोलापूरहून आम्ही एसटीनं येणार. दादा, बोलेरो झाकून ठेव. तू रानात मंडप, साउंड आणि सेल्फी पॉइंटवाली 'हुरडा पार्टी' ठेवणार म्हणालास, ती रद्द कर. वहिनी, पोरांसाठी पनीर आणू नका. त्यांना शेंगांची चटणी लागते, उखळातली. मागं पाठवलेली कडक भाकरी दोघांनी नुसती कुरतडून संपवली. इकडं क्नेकेब्रोट म्हणून एक कोरडी कडक पोळी मिळते. धाकटी आता तिला 'जर्मन आजीची भाकरी' म्हणते आणि नाक मुरडते.

मला फक्त अण्णांची आगटी पाहिजे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस खोचायचं, दाणा काळपट झाला की ओढायचं, आणि ते पेटतं कणीस तळहातावर घेऊन अण्णा चोळतात तेव्हा आपल्यालाच चटका बसतो. दोन तळव्यांत तीन-चार फेर, मग एक फुंकर, आणि कोंडा उडून हिरवे, वाफाळते दाणे माझ्या ओंजळीत. अण्णांचे हात राखेनं काळे, मिशीत कोंडा. माळदांडीचा हुरडा काळ्या रानात पावसाच्या मुरलेल्या ओलीवर आणि दवावर येतो. त्याला पाणी देऊन घाई करता येत नाही. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मी पाटलीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही तिथं का राहत नाही?" मी त्यांच्या बाकाचं कौतुक केलं.

आता एकच अडचण. इथं शाळा बुडवली की दंड होतो. सुट्टी डिसेंबरच्या शेवटी लागते, ती ६ जानेवारीपर्यंत. ओढ्याकडच्या तुकड्यात ज्वारी जरा आधी पेरलीय असं आई म्हणाली होती. अण्णा, तेवढ्यात दाणा धरेल ना?

तुमची,
बाळी

ता. क. जावई विचारतायत, बाजेवर बसून काय करायचं असतं. त्यांना मी सांगितलंय, तिथं गेल्यावर आजी शिकवेल.

ता. क. २. ज्वारीला सांगून ठेवा, ७ तारखेला शाळा आहे.