अंधाराचे जाणकार

वणीत रात्री लाईट गेली की घराघरातून एकच सुस्कारा निघतो. भौंच्या घरातून मात्र आवाज येतो, "वा! आता कसं!" आणि भौ गच्चीकडे धावतात. हातात कॅमेरा नसतो. कॅमेरा अजून घ्यायचा आहे.

भौंची उभी नोकरी वणीजवळच्या एका भूमिगत कोळसा खाणीत, लॅम्प रूममध्ये गेली. पाळीवर आलेल्या कामगाराचं टोकन घ्यायचं आणि त्याच्या नंबरचा कॅप लॅम्प चार्जिंगवरून काढून द्यायचा. पाळी सुटली की लॅम्प परत घ्यायचा, टोकन परत द्यायचं. त्यामुळे उजेडाचा हिशेब त्यांच्या हाडीमाशी मुरलाय आणि अंधाराच्या बाबतीत ते कोणाचं ऐकून घेत नाहीत. "खानीतला अंधार पाह्यला का कधी? लॅम्प बंद कर, डोळ्यासमोर हात धर. आपल्याले हात आहे, हे आठवा लागते!" अशा माणसाला साधा कॅमेरा चालणार कसा? त्यांना अंधारात फोटो काढणारा कॅमेरा पाहिजे. २००९ पासून पाहिजे.

त्या वर्षी निकॉनचा डी३एस आला. भौ म्हणाले, किंमत उतरू दे. किंमत उतरेपर्यंत २०१४ उजाडलं आणि सोनीनं ए७एस काढला. मेगापिक्सेल अवघे १२, पण आयएसओ थेट ४,०९,६०० पर्यंत. भौ आठवडाभर हवेत होते. घेणारच होते, पण "पह्यलं मॉडेल कधी घ्यायचं नसते बाप्पा, कंपनी त्याच्यात शिकून राह्यते." दुसरं २०१५ मध्ये आलं, त्याची बॅटरी लवकर उतरते म्हणून भौ तिसऱ्यासाठी थांबले. तिसरं २०२० मध्ये आलं. त्याची किंमत ऐकून ते तडक पहिल्याकडे वळले, तर तो बाजारातून गेलेला. तेव्हापासून भौ त्याच्याबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखं बोलतात.

बाकी तयारी चोख आहे. बॅग आहे, रिमोट आहे, मेमरी कार्ड आहे, लेन्सवरची धूळ उडवायचा ब्लोअर आहे. ट्रायपॉडला उन्हाळ्यात वहिनी कूलर भरायचा पाइप अडकवतात.

भौंच्या शर्टाच्या खिशात एक प्लास्टिकचं पाकीट असतं. त्यात पुठ्ठ्याचे चार तुकडे, ब्लेडनं नेमके कापलेले. कुणी "भौ, कोणता कॅमेरा घेऊ?" म्हटलं की लग्नाची पंगत असो की तेरवी, ते तुकडे पत्रावळीशेजारी ओळीनं मांडले जातात. "हा पाह्य फुल फ्रेम. छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर. हा एपीएस-सी, त्याच्या निम्म्याहून कमी. हा एक इंची. नाव एक इंची, पण मोजून पाह्य, इंच कोठीच नाही! तेरा बाय नऊसुद्धा भरत नाही. पह्यल्यात असे सात बसतात. अन् हा तुह्या मोबाईलचा." चौथा तुकडा करंगळीच्या नखाएवढाही नसतो, वाढप्यानं वरण वाढलं की तोच आधी हरवतो. भौ घरी जाऊन नवा कापतात.

नागपूरला सीताबर्डीवर गेले की दुकानदाराला आधी ट्यूबलाईट बंद करायला लावतात. मग स्वतःचं कार्ड घालून काउंटरखालच्या कोपऱ्याचा फोटो काढतात, आयएसओ ६४०० वर. त्या कोपऱ्यात एक झाडू असतो. मागच्या स्क्रीनवर तो मोठा करत करत भौ काडीकाडीवरचे दाणे पाहतात. "सावलीत जांभळं मारून राह्यलं," म्हणतात आणि चहा पिऊन परत येतात. वणीत त्यांच्या संगणकावर डझनभर कॅमेऱ्यांनी काढलेला तो एकच झाडू आहे. लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो एकही नाही.

पण माणसाचा सल्ला खणखणीत. परिसरातल्या निम्म्या लग्नांचे रात्रीचे फोटो भौंच्या डोक्यातून निघालेत. एका फोटोग्राफर पोराच्या वरातीच्या फोटोंत नवरदेव नेहमी धुक्यातून आल्यासारखा यायचा. तो नवा महागडा कॅमेरा घ्यायला कर्ज काढत होता. भौंनी थांबवलं. "कॅमेरा हाच राहू दे. त्याच्यासंगं आलेला लेन्स काढ अन् पन्नास एमएमचा एफ १.८ घे. तुहा लेन्स पन्नासवर ५.६ च्या आसपासच उघडते. हा त्याच्या दहापट उजेड घेते." पोराचं कर्ज वाचलं, नवरदेवाला नाकडोळे आले. हाच सल्ला भौंनी स्वतः का घेतला नाही, असं विचारलं तर म्हणतात, "त्याले पोट भरायचं आहे. मले निवडायचं आहे."

वहिनींना ते कौतुकानं सांगतात की, स्टॅनली क्युब्रिकनं १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात शूटिंग केलं, तेही नासासाठी बनवलेल्या एफ ०.७ च्या लेन्सनं. "त्याले नासानं मदत केली. मले घरून परवानगी भेटून नाही राह्यली." वहिनी म्हणतात, "परवानगी दहा वर्षांआधीच देल्ली. पैसेही देल्ले होते. त्याचा कूलर आला."

खरा वैरी मोबाईल. २०१८ मध्ये गूगलनं 'नाइट साइट' आणलं आणि पोरं हातातल्या हातात रात्रीचे फोटो काढू लागली. पुतण्यानं नवरात्रात जैताईच्या देवळाचा असाच एक फोटो दाखवला. भौंनी चष्मा वर करून तो बराच वेळ न्याहाळला. दाणे सापडेनात. "याच्यात एक फोटो नाही, पंधरा फोटो एकावर एक रचून राह्यलं हे. हे गणित झालं, फोटो नाही." मग हळूच विचारलं, "किती सेकंद धरला होता?"

परवा एक गुरुजी आले. शाळेच्या मैदानावरच्या खेळांचे फोटो काढायचे होते, सकाळी अकराला, उन्हात. त्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा? भौंनी खिशातून काढलेलं पाकीट तसंच परत ठेवलं.

"दिवसा कॅमेरा कायले पायजे, गुरुजी? दिवसा तर दिसतेच ना!"