दोनाचे चार

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये नाना आणि आप्पा हे दोन गिनीपिग राहतात. दोघेही नर, सख्खे भाऊ आणि सुखी. फ्रिजचं दार उघडलं की एका सुरात शिट्ट्या मारून कोथिंबीर मागायची, ढोबळी मिरची फस्त करायची आणि उरलेला दिवस सुकं गवत चावत बसायचं, असा यांचा दिनक्रम. क जीवनसत्त्व यांच्या अंगात तयार होत नाही, त्यामुळे बाजारात मिरचीचा भाव काहीही असो, ती आणावीच लागते. आमच्या वरणात कोथिंबीर नसली तरी चालते.

सगळं असं सुरळीत असताना आईला त्यांची दया आली. "किती दिवस हे दोघंच राहणार रे? दोनाचे चार हात करून टाक."

एकेकाला चार पाय आधीपासूनच आहेत, हे मी मनातच ठेवलं.

सातवीतली लेक लगेच आजीच्या पक्षात गेली. "बाबा, स्वित्झर्लंडमध्ये गिनीपिगला एकटं ठेवायला कायद्यानं बंदी आहे."

"एकट्याला. आपल्याकडे दोन आहेत."

"मग तीन झाले तर आणखी कायदेशीर!"

तीन तिगाडा, काम बिगाडा ही म्हण कुणीतरी गिनीपिग पाळूनच रचली असावी. नर वयात येतात तेव्हा थोरला कोण, हे ठरवायला दात कडकडवतात, ढुंगण डोलवत घुमतात, एकमेकांच्या अंगावर चढतात. आमच्याकडेही हे सगळं झालं आणि मिटलं. मिरचीचा पहिला तुकडा नानाचा आणि आप्पाने तोंड फिरवायचं, असा तह झाला. त्यात तिसरा नर आणला की तह रद्द. एकदा रक्त निघेपर्यंत जुंपली की जुनी जोडीसुद्धा बहुधा पुन्हा जुळत नाही. मग तीन नर, तीन पिंजरे आणि तिघेही एकटे. म्हणजे स्वित्झर्लंडचा कायदा मोडला तो मोडलाच.

"अरे, नर कशाला आणतोस? सुना आण," आई म्हणाली.

सुनांचा वास आला तरी या भावांचं भाऊपण संपेल, हे तिला पटेना. शेवटी मी प्रसूतिशास्त्राकडे वळलो. दिवस साधारण सव्वादोन महिने. एका खेपेला दोन-चार पिल्लं, आणि तीही डोळे उघडलेली, अंगभर केस आणि तोंडात दात घेऊन जन्मणारी. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं करायचं, कारण तेवढ्यात ते बाप व्हायच्या लायकीचं होतं. आणि नर जवळ असला तर बाळंतीण काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते.

"अगंबाई! सव्वा महिनासुद्धा थांबायचं नाही?" आईने पिंजऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बिचारा आप्पा काही न करता गवतात घुसला. सुनांचा विषय त्या दिवसापासून बंद.

बायकोने डॉक्टरी मार्ग विचारून पाहिला. खच्चीकरण केलं तरी पुढचे काही आठवडे धोका राहतोच. शिवाय त्याने पिल्लं थांबतात, थोरलेपणाची भांडणं थांबतीलच असं नाही. भूल देण्याची जोखीम आहे ती वेगळीच. एवढ्याशा जिवाला टेबलावर घ्यायचं, ते आजीची हौस भागवायला? माझा तरी याला साफ विरोध होता. खरं सांगायचं तर कंटाळा आम्हाला आला होता, नाना-आप्पांना नव्हे. आलेला पाहुणा पिंजऱ्यात डोकावून "एवढे दोनच?" असं विचारतो आणि आमची मान खाली जाते.

"वाढवायचंच असेल तर पिंजरा वाढवा," बायको म्हणाली. दोन नरांना दहा चौरस फूट तरी जागा हवी असं जाणकार सांगतात. ठाण्यात दहा चौरस फुटांची किंमत काय, ते जाणकार सांगत नाहीत. तेवढी जागा फक्त बाल्कनीलगत कपडे वाळत घालायच्या स्टँडखाली होती. तो स्टँड आता आमच्या पलंगाशी आला आहे आणि पावसाळ्यात मी ओल्या लेंग्यांखाली झोपतो.

नव्या पिंजऱ्यात भांडण नको म्हणून लेकीने पुठ्ठ्याची दोन घरं केली, प्रत्येकाला दोन दारं, म्हणजे एक अडवलं तर दुसऱ्यातून निसटता यावं. नाना सकाळी एका घरात झोपतो आणि दुपारी दुसऱ्यात. आप्पा मधल्या बोळात. आईचं म्हणणं, एक घर आप्पाच्या नावावर करून दे. मी म्हटलं, आधी नानाची सही आण.